कॅप्टन एडी ग्रँटची केस: बेसबॉलला हिरो हवा होता तेव्हा

एडी ग्रँट हा पहिल्या महायुद्धात मेलेला अमेरिकन बेसबॉल खेळाडू. तो कोण हे समजून घ्यायचं तर त्याच्या जन्मापासून सुरुवात करून उपयोग नाही, सुरुवात करायला लागते १९१८ च्या उन्हाळ्यापासून, कारण त्या उन्हाळ्यात अमेरिकन बेसबॉलची अब्रू पार गेली होती आणि ग्रँटचं नाव पुढे इतकं मोठं का झालं त्याचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

झालं असं की अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. वर्षभर बेसबॉल तसा निवांत चालू होता. मग मे १९१८ मध्ये सैन्यभरतीचे प्रमुख जनरल क्राउडर यांनी हुकूम काढला, काम करा नाहीतर लढा. म्हणजे भरतीच्या वयातल्या पोरांनी युद्धाला उपयोगी पडेल असं काहीतरी काम धरायचं, नाहीतर सरळ सैन्यात. बेसबॉलवाल्यांना वाटलं आपण यातून सुटू, पण जुलैत युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी स्पष्ट सांगितलं की बेसबॉल काही अत्यावश्यक धंदा नाही. झालं, सीझन सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गुंडाळला. आता काही खेळाडू खरोखर सैन्यात गेले, पण बऱ्याच जणांनी शिपयार्ड नाहीतर स्टीलच्या कारखान्यात नोकरी धरली, तिथं काम जेमतेम आणि कंपनीच्या टीमकडून मॅच खेळणं जास्त. पेपरवाल्यांनी त्यांना कामचुकार, भित्रे, काय वाट्टेल ते म्हटलं. त्या काळचा मोठा स्टार शूलेस जो जॅक्सन, त्याला तर सगळ्यात जास्त शिव्या पडल्या.

त्यात वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या शेवटी विजेता ठरवणारी मॅचची मालिका. बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध शिकागो कब्ज, १० सप्टेंबर १९१८, पाचवी मॅच, फेनवे पार्क. प्रेक्षक बसलेत, त्यात फ्रान्सहून जखमी होऊन आलेले सैनिकही आहेत, आणि दोन्ही टीम मैदानावर येतच नाहीत, का तर बक्षिसाच्या पैशातला वाटा कमी केला म्हणून. खेळाडूंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं हे खरं, त्यांना आधी कबूल केलेली रक्कम आणि आता मिळणारी रक्कम यात मोठा फरक होता. पण वेळ कसली आणि भांडण कसलं. शेवटी खेळले, पण दिसायचं ते दिसून गेलं.

त्यानंतर पंचवीस दिवसांनी फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात तोफेचा एक गोळा पडला आणि त्यात न्यूयॉर्क जायंट्स टीमचा माजी थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसपाशी उभा राहणारा फिल्डर) कॅप्टन एडवर्ड लेस्ली ग्रँट मेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, नाव असलेला, लोकांना चेहऱ्याने माहीत असलेला, लढता लढता गेलेला माणूस. बेसबॉलला नेमकं जे हवं होतं तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा माणूस आणि त्याची ही दंतकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस जास्त इंटरेस्टिंग आहे.

ग्रँटचा जन्म २१ मे १८८३ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन गावातला. हार्वर्डला शिकला, १९०५ ला पदवी, आणि मग बेसबॉल खेळता खेळता सीझन नसायचा त्या महिन्यांत अभ्यास करून १९०९ ला हार्वर्डचीच वकिलीची पदवी. तेव्हाचे बहुतेक बेसबॉल खेळाडू खाणीतले, शेतातले, कारखान्यातले, शाळासुद्धा पूर्ण न केलेले, त्यांच्यात हा प्राणी किती वेगळा दिसत असेल विचार करा. हार्वर्ड एडी हेच नाव पडलं. उंच कॅच येत असेल तर बाकी सगळे बोलीभाषेत ओरडायचे, हा म्हणे व्याकरणशुद्ध इंग्रजीत ओरडायचा, यावरून टीममध्ये चेष्टा व्हायची.

एक मजेशीर गोष्ट, कॉलेज बेसबॉलमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा वाद याच्याही वाट्याला आला. कॉलेजच्या पोरांनी हौशी राहायचं असा दंडक होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्या गावच्या टीमकडून पैसे घेऊन खेळलात तर कॉलेजची टीम बंद. पोरं सर्रास खेळायची, काही खोटी नावं घेऊन खेळायची, जो सापडला तो गेला. ग्रँटनेही उन्हाळ्यात पैसे घेऊन मॅच खेळल्या आणि हार्वर्डच्या मुख्य टीमचं दार त्याला बंद झालं. म्हणजे ज्याला पुढे हार्वर्डचा आदर्श खेळाडू म्हणून मिरवलं तो खुद्द हार्वर्डकडून नीट खेळूच शकला नव्हता. हे स्मारकाच्या भाषणांत कोणी फारसं बोललं नसणार.

पहिली मेजर लीग मॅच ऑगस्ट १९०५, क्लीव्हलँडकडून, आणि ती पण बॉस्टनमध्ये. क्लीव्हलँडचा स्टार नॅप लाजवे आजारी पडला, बदली कोणी नव्हता, म्हणून या पोराला बोलावलं. पहिल्या दिवशी तीन हिट मारले (हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठणं). दुसऱ्या दिवशी काहीच नाही, वर फिल्डिंगमध्ये घोळ. संपलं, दोन मॅच आणि घरी. मग खालच्या लीगमध्ये जर्सी सिटीकडून खेळून वर आला, १९०७ ते १९१० फिलाडेल्फिया फिलीज, मग सिनसिनाटी रेड्स, आणि १९१३ पासून न्यूयॉर्क जायंट्स.

आकडे बघितले तर एकूण ९९० मॅच, बॅटिंग ॲव्हरेज .२४९, अख्ख्या करिअरमध्ये होमरन (आपल्याकडच्या सिक्सरसारखा फटका) फक्त पाच. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो, .२४९ म्हणजे साधारण चार वेळा बॅटिंगला आला की एकदा हिट. त्या काळात होमरन सगळ्यांचेच कमी असायचे तरी पाच म्हणजे कमीच. पण बेस चोरण्यात, म्हणजे पिचरचं लक्ष नसताना पळून पुढचा बेस गाठण्यात, तरबेज होता, १५३ चोरलेत, आणि थर्ड बेसवर विश्वासाचा. आपल्याकडे रणजी ट्रॉफीत वर्षानुवर्षं इमानेइतबारे खेळणारा, टीमला हवाहवासा पण पोस्टरवर कधीच न येणारा खेळाडू असतो ना, तसा. त्याला ग्रेट म्हणणारे लोक त्याच्यावर अन्यायच करतात असं मला वाटतं, कारण मग खरा माणूस दिसतच नाही.

घरचं दुःख मोठं होतं. १९११ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या आयरीन सोस्ट हिच्याशी लग्न झालं आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत ती गेली. त्याने परत लग्न केलं नाही. मुलंबाळं नाहीत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय कारण १९१७ मध्ये तो चौतिसाव्या वर्षी सैन्यात गेला ते समजायला ती उपयोगी पडते, पण त्यावरून फार मोठी मानसशास्त्रीय थिअरी मांडायची मला हौस नाही. बरेच लोक मांडतात.

जायंट्समध्ये मॅनेजर जॉन मॅग्रॉ, एकदम तापट माणूस, अंपायरच्या अंगावर जाणारा, पण ग्रँटचं डोकं त्याला आवडायचं. १९१३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ग्रँट दोन मॅचमध्ये थोडा वेळ मैदानात उतरला, जायंट्स हरले. १९१५ नंतर त्याने खेळणं सोडलं आणि बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली.

मग युद्ध. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ग्रँट त्या काम करा नाहीतर लढा हुकुमामुळे गेलेला नाही. तो हुकूम यायच्या वर्षभर आधी, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिकेने युद्ध जाहीर केल्या केल्या तो गेला. खेळणं सोडून दीड वर्ष झालेलं, वय भरतीच्या पहिल्या यादीच्या बाहेरचं, वकिली चालू, कोणी काही म्हटलं नसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला ऑफिसर लोकांचा ट्रेनिंग कॅम्प होता, तिथं शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या, खूपशा वकील-बँकर मंडळींना काही महिन्यांत ऑफिसर बनवायचे. तिथून तो कॅप्टन होऊन बाहेर पडला आणि ७७ व्या डिव्हिजनच्या ३०७ व्या इन्फंट्री रेजिमेंटमध्ये एच कंपनीचा कमांडर झाला. (कंपनी म्हणजे साधारण दोन-अडीचशे माणसं, काही कंपन्यांची एक बटालियन, काही बटालियनची एक रेजिमेंट, आणि त्यांच्या वर डिव्हिजन.)

७७ वी डिव्हिजन म्हणजे न्यूयॉर्क शहराची डिव्हिजन. ज्यू, इटालियन, आयरिश, पोलिश, चायनीज, नुकतेच बोटीतून उतरलेले, कित्येकांना इंग्रजी धड येत नाही, आणि त्यांच्यावर ऑफिसर कोण तर हार्वर्ड, येल, विल्यम्सवाले. लाँग आयलंडवर कॅम्प अप्टनला ट्रेनिंग झालं आणि १९१८ च्या वसंतात फ्रान्सला रवाना. शहरातली ही पोरं, बऱ्याच जणांनी कधी जंगल बघितलं नव्हतं, आणि त्यांच्या नशिबी आलं आर्गॉन.

आर्गॉन म्हणजे नुसतं घनदाट रान नाही. जर्मनांनी ते चार वर्षं धरून ठेवलेलं, जागोजागी काटेरी तारा, मशीनगनची ठाणी, सिमेंटचे बंकर, दऱ्या आणि ओढे. २६ सप्टेंबर १९१८ ला मोठा हल्ला, म्यूझ-आर्गॉन मोहीम, सुरू झाला आणि ७७ व्या डिव्हिजनला बरोबर जंगलाच्या आतून पुढे जायचं होतं. दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही, बाजूची कंपनी कुठंय माहीत नाही, नकाशे बेभरवशाचे, रोज माणसं पडतायत.

२ ऑक्टोबरला मेजर चार्ल्स व्हिटलसी याच्या हाताखालच्या तुकड्या, मुख्यतः ३०८ व्या रेजिमेंटच्या, शार्लव्हो ओढ्याच्या पलीकडच्या उतारापर्यंत पोचल्या. डावीकडचे फ्रेंच आणि उजवीकडचे अमेरिकन मागेच राहिले, हे पुढे निघून गेले, जर्मनांनी मागून वाट बंद केली. साडेपाचशेच्या आसपास माणसं एका उतारावर अडकली. खाणं नाही, पाणी ओढ्याचं पण तिथं गेलं की गोळी. ४ तारखेला तर आपल्याच तोफांचे गोळे आपल्यावर पडायला लागले आणि कबुतर सोडून कळवावं लागलं की देवासाठी थांबवा. पेपरमध्ये लॉस्ट बटालियन हे नाव पडलं. खरं तर ती एक बटालियन नव्हती आणि हरवलेली तर अजिबात नव्हती, सगळ्यांना माहीत होतं कुठं आहेत, पोचता येत नव्हतं एवढंच.

आता दंतकथा काय सांगते, तर ग्रँटचा जिवलग मित्र व्हिटलसी अडकला होता आणि ग्रँट जिवाची पर्वा न करता त्याला सोडवायला धावला. दोघांची ओळख असणं साहजिक आहे, हार्वर्ड लॉ स्कूलला दोघं साधारण एकाच वेळी होते, व्हिटलसी १९०८ चा, ग्रँट १९०९ चा, दोघं वकील, दोघं प्लॅट्सबर्गचे, दोघं त्याच डिव्हिजनमध्ये. पण डिव्हिजन कमांडर जनरल अलेक्झांडर यांनी सगळ्यांनाच हुकूम दिला होता की काही करून तिथं पोचा, आणि ३०७ वी रेजिमेंट अगदी शेजारी होती. व्हिटलसीच्या जागी दुसरा कोणी अनोळखी मेजर अडकला असता तरी ग्रँट त्याच वाटेवर, त्याच तारखेला, त्याच गोळीबारात असता. मैत्री होती म्हणून गेला यापेक्षा ड्युटी होती म्हणून गेला हे मला जास्त भारी वाटतं, पण सिनेमाला मैत्री बरी पडते.

५ ऑक्टोबरचा दिवस. त्याच्या माणसांनी नंतर जे सांगितलं त्यावरून चित्र असं दिसतं. ग्रँट कित्येक रात्री झोपलेला नाही, तब्येतही बिघडलेली. थोडा वेळ थांबले असताना बुंध्यावर टेकून बसला होता, कॉफीचा कप समोर, पण तो उचलायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती. लोकांनी सांगितलं मागे जा, दवाखान्यात जा. गेला नाही. हुकूम आल्यावर उठला, अडखळत कंपनीच्या पुढे चालायला लागला. वाटेत समोरून स्ट्रेचर आलं, त्यावर बटालियनचा कमांडर मेजर जे, जखमी. त्याने ग्रँटला बघून सांगितलं, आता बटालियन तुझी.

हे कसं चालतं ते सांगतो, कारण इथंच सगळी गोम आहे. सैन्यात कमांडर पडला की ज्येष्ठतेनुसार पुढचा ऑफिसर आपोआप त्याची जागा घेतो, समारंभ नाही, कागद नाही. आर्गॉनमध्ये हे इतक्या वेळा होत होतं की कालचा लेफ्टनंट आज कंपनी चालवतोय आणि कंपनीवाला कॅप्टन बटालियन. म्हणजे ज्या माणसाला कप उचलवत नव्हता त्याच्या हातात त्या घडीला दोन-अडीचशे नाही तर बटालियनमधली उरलेली सगळी माणसं आली. त्याने आपल्या ऑफिसर लोकांना गोळा करायला सुरुवात केली तेवढ्यात तोफेचे गोळे पडायला लागले. दोन लेफ्टनंट पडले. ग्रँट बाकीच्यांना आडोशाला जायला सांगत होता आणि स्वतः उभा राहून स्ट्रेचरवाल्यांना हाक मारत होता, तेव्हा पुढचा गोळा त्याच्यावरच पडला.

बास, एवढंच. जर्मन ठाण्यावर चाल करून जाताना नाही, मशीनगन हिसकावताना नाही. दमलेला आजारी माणूस जखमींसाठी स्ट्रेचर मागताना गेला. बटालियन त्याच्या ताब्यात किती वेळ होती, फार फार तर काही मिनिटं.

७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अडकलेल्यांपर्यंत मदत पोचली, आणि आधी पोचलेली माणसं ३०७ व्या रेजिमेंटचीच होती. साडेपाचशेपैकी १९४ जण स्वतःच्या पायावर बाहेर आले. व्हिटलसीला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं, तो राष्ट्रीय हिरो झाला आणि त्याला ते कधीच झेपलं नाही, नोव्हेंबर १९२१ मध्ये अनामिक सैनिकाच्या अंत्यविधीला हजेरी लावून काही दिवसांनी तो बोटीने क्युबाला निघाला आणि रात्री समुद्रात उडी टाकली. ग्रँटच्या केसमध्ये हे कशाला सांगायचं, तर हिरो बनवण्याचं ओझं जिवंत माणसाला काय करतं ते शेजारी ठेवून बघितलं की कळतं, मेलेला हिरो सगळ्यांनाच सोयीचा का असतो.

आणि सोय किती होती बघा. युद्ध संपलं, १९१९ ची वर्ल्ड सिरीज झाली, शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे खाऊन ती हरली. सप्टेंबर १९२० मध्ये सगळं बाहेर आलं. आठ खेळाडू, त्यात तोच जो जॅक्सन. मालक लोक घाबरले, न्यायाधीश केनेसॉ लँडिस यांना आणून कमिशनर, म्हणजे अख्ख्या बेसबॉलचा प्रमुख, केलं, सगळे अधिकार दिले. जायंट्सचं स्वतःचं घर पण स्वच्छ नव्हतं, ग्रँट जिथं उभा राहायचा त्या थर्ड बेसवर नंतर आलेला हायनी झिमरमन, त्याला मॅग्रॉने १९१९ मध्येच टीमबाहेर काढला, सहकाऱ्यांना मॅच फिक्स करायला पैसे देऊ केले म्हणून. त्याच टीममधल्या हॅल चेसचीही तीच कथा.

आणि या सगळ्या चिखलात, व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंवरचा खटला कोर्टात उभा राहायच्या जेमतेम महिनाभर आधी, ३० मे १९२१ ला, मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर ग्रँटच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्याच्या बहिणींनी पडदा बाजूला केला. ग्रॅनाइटचा उभा दगड, त्यावर ब्राँझची पाटी, सैनिक, विद्वान, खेळाडू असे तीन शब्द. आणि जागा कुठली, तर सेंटर फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या अगदी समोरच्या लांबच्या भागाच्या, टोकाला, भिंतीपाशी, पण खेळायच्या हद्दीच्या आतच. पोलो ग्राउंड्सचा आकार विचित्र लांबट होता, सेंटर फील्ड पावणेपाचशे फुटांच्याही पलीकडे, त्यामुळे बॉल तिथपर्यंत जायचाच क्वचित.

मी असं म्हणत नाही की जायंट्सने ढोंग केलं. मॅग्रॉला आणि त्याच्या सोबतच्या खेळाडूंना खरंच वाईट वाटलं असणार. पण त्याच युद्धात गेलेल्या दुसऱ्या मेजर लीगवाल्यांचं काय झालं बघा. बन ट्रॉय, डेट्रॉइटकडून १९१२ मध्ये फक्त एक मॅच खेळलेला पिचर (बॉल टाकणारा), जन्म जर्मनीतला, अमेरिकन सार्जंट म्हणून जर्मनांविरुद्ध लढताना ७ ऑक्टोबरला, म्हणजे ग्रँटनंतर दोनच दिवसांनी, त्याच म्यूझ-आर्गॉन मोहिमेत मेला. टॉम बर, न्यूयॉर्क यांकीजकडून एकच मॅच, १२ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये विमान अपघातात गेला. राल्फ शार्मन अलाबामात ट्रेनिंगच्या वेळी नदीत बुडाला, लॅरी चॅपल फ्लूने गेला. जर्मनीत जन्मून जर्मनांच्या गोळीला बळी पडलेल्या ट्रॉयची गोष्ट खरं तर ग्रँटच्या गोष्टीपेक्षा जास्त अंगावर येणारी आहे, पण एक मॅच खेळलेल्या सार्जंटचा दगड कोण उभारणार. हार्वर्ड, कॅप्टन, जायंट्स, लॉस्ट बटालियन, एवढं सगळं एका नावात मिळत असताना.

पुढची छत्तीस वर्षं दरवर्षी मेमोरियल डेला तिथं पुष्पचक्र वाहिलं जायचं. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जायंट्सच्या विली मेजने पाठ फिरवून धावत जो प्रसिद्ध कॅच घेतला तो याच मैदानाच्या याच टोकाकडे धावताना. तारीख होती २९ सप्टेंबर. बरोबर तीन वर्षांनी, २९ सप्टेंबर १९५७ ला, जायंट्सची न्यूयॉर्कमधली शेवटची मॅच झाली, पिट्सबर्गकडून ९-१ असे हरले, आणि टीम सॅन फ्रान्सिस्कोला चालली या रागात लोक मैदानात घुसले. बेस उपटले, गवत उपटलं, जे हाताला लागेल ते नेलं. त्यात ग्रँटची ब्राँझची पाटीही गेली. १९६४ मध्ये मैदानच पाडलं, तिथं आता उंच इमारती आहेत.

पाटी पुढे चाळीसेक वर्षं बेपत्ता. १९९९ मध्ये न्यू जर्सीतल्या हो-हो-कस गावात एका घराच्या माळ्यावर ती सापडल्याची बातमी आली, पण ती तीच का यावर अजून वाद घालणारे लोक आहेत. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेडियममध्ये तिची नक्कल बसवली. फॅन लोकांची गंमत अशी की जायंट्स इतकी वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकत नव्हते ते म्हणे कॅप्टन एडीच्या शापामुळे, पाटी परत लावली आणि चार वर्षांनी, २०१० ला, जिंकले. ज्याने चार शहरांच्या टीम्सकडून पगार घेऊन निमूट काम केलं आणि शेवटी स्ट्रेचर मागताना मेला, तो माणूस कोणाला शाप देत बसेल असं मला काही वाटत नाही.

ब्राँक्समध्ये, पोलो ग्राउंड्स होतं तिथून नदीपलीकडे, त्याच्या नावाचा एडवर्ड एल. ग्रँट हायवे आहे. त्याची कबर मात्र फ्रान्समध्येच, रोमान्यच्या अमेरिकन दफनभूमीत, जिथं १४ हजारांवर सैनिक आहेत. तिथं क्रॉसवर नाव, हुद्दा, रेजिमेंट, डिव्हिजन, राज्य आणि तारीख एवढंच लिहितात, बेसबॉलचा उल्लेख नसतो.